हिअरिंग

जळगावच्या मे महिन्यात
पंखा बंद करून बसायची नोकरी माझी.
पंख्याच्या घरघरीत यंत्राचे बारीक आवाज बुडतात,
म्हणून दार लावते, बटण खाली करते,
आणि घामेजल्या माणसाला सांगते,
ऐकू आलं की दाबा.

धुडकू महाजन, धरणगाव, वय बासष्ट.
एकतीस वर्षं जिनिंगमध्ये.
कानात अजून सरकीचा भुगा असावा
तसे करंगळी फिरवत बसलेले.
सोबत कौतिकबाई. तिच्या मांडीवर पिशवी,
पिशवीत कागद, कागदावर वकिलाचा शेरा:
हिअरिंगच्या आत हिअरिंगचा दाखला जोडावा.

मी दोनदा वाचलं.
पहिलं हिअरिंग कोर्टातलं, बावीस तारखेचं,
भरपाईचं, चौथ्यांदा पुढे गेलेलं.
दुसरं माझ्या खोलीतलं, कानातलं.
इंग्रजीचं दोन्हीकडे एकाच शब्दात भागलं.
आपल्याकडे कोर्टात सुनावणी,
आणि सुनावणं म्हणजे
ज्याचं ऐकून घ्यायचं
त्यालाच चार शब्द ऐकवणं.

फैजपूरला नेहेते सर
फळ्यावर उभी रेघ मारायचे.
बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, तो हिअर.
मी बोलतोय, ते लिसन.
आणि खिडकीपाशी बसलेल्या तुम्ही दोघी,
तुमचं दोन्ही नाही.
आम्ही वहीत लिहिलं: हिअर, ऐकणे.
खाली लिहिलं: लिसन, ऐकणे.
मार्क मिळाले.

कधीपासून ऐकू येत नाही, मी विचारलं.
कौतिकबाई म्हणाली,
"चाळीस वरीस व्हयनात लगीनले,
माले आजून समजनं नही बाई,
हाऊ आयकत नही का याले आयकू येत नही."
फॉर्मवर याला रकाना नाही.

हेडफोन चढवला. जाड आवाज त्यांना येत होते,
ढोलासारखे, ट्रॅक्टरसारखे.
मग मी वर वर सरकत गेले,
आणि चार हजारांवर आलेख
दोर तुटलेल्या बादलीसारखा खाली गेला.
तिथे राहतात
चिमण्या, कुकरची शिट्टी,
नातीच्या बोलण्यातले स आणि श.

मी हात उचलला. काहीच पाठवलं नाही.
त्यांनी बटण दाबलं.
मी थांबले. पुन्हा दाबलं.
हेडफोन काढून कानाशी ओरडले, काय ऐकू आलं?
"जिन," ते म्हणाले. "चालू शे ना."

कौतिकबाईने माझ्याकडे पाहिलं.
"जिन बंद व्हयनी त्याले पाच वरीस व्हयनात."

पिशवीत कंपनीचंही एक पत्र होतं,
घडीवर फाटत आलेलं, खाली गोल शिक्का.
शेवटची ओळ इंग्रजी, सभ्य:
यू विल हिअर फ्रॉम अस.
तिने विचारलं, काय लिहिलंय?
मी म्हटलं, आमच्याकडून कळेल असं लिहिलंय.
शब्दाला शब्द ठेवला असता
तर सांगावं लागलं असतं
की तेवढं मात्र त्यांनी पाळलंय,
रात्रंदिवस,
दोन्ही कानांत.

दाखल्यावर टक्के लिहिले. सही केली.
जे नाही ते किती ऐकू येतं
याचे टक्के काढायची रीत नाही.

जाताना आठवलं म्हणून थांबवलं तिला.
कोर्टात शिपाई बाहेर येऊन नाव पुकारतो,
तीनदा पुकारतो,
आणि कोणी उठलं नाही तर लिहितात गैरहजर.
त्यांच्या नावातला धु कदाचित पोचेल,
बाकीचं व्हरांड्यातच राहील.
तुम्ही दारापाशी उभ्या राहा.

तिने पदराने त्यांच्या मानेवरचा घाम पुसला,
कागद पिशवीत सारले.
"मी आयकसू," म्हणाली.

मी पंखा सुरू केला.
धुडकू महाजनांनी वर पाहिलं,
पाती फिरताना बघितली,
आणि कोणी काही विचारलं असावं
तशी मान हलवली.