मुक्कामी गाडीचा गजर

परभणीला, नानलपेठेत, मुजीबभाईच्या दुकानात
काउंटरवर सात यंत्रं मांडून ठेवलेली
आणि मला हव्या होत्या दोनच गोष्टी :
रात्री गाणी वाजली पाहिजेत,
पहाटे साडेचारला जाग आली पाहिजे.

"मोबाइल है ना मास्तर तुम्हारे पास?"
आहे की. पण सावळीला मुक्कामी जातो
तिथं लाइट आठला जाते, येते कधी ते वायरमनला ठाऊक,
अन् तिकिटांचा हिशेब लागेस्तोवर
मोबाइल माझ्याआधी झोपलेला असतो.
पहिली गाडी पाचची.
कॉलेजच्या पोरी, दुधाच्या किटल्या,
आणि डायलिसिसला निघालेले सोपानकाका,
आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या खिडकीशी.
एकदा आम्हाला वीस मिनिटं उशीर झाला.
काका काही बोलले नाहीत, घड्याळसुद्धा बघितलं नाही.
तेच बोचलं.

मुजीबभाईनं एकेक गजर ऐकवला.
पहिल्यात कोंबडा.
कोंबडे सावळीत फुकट आहेत, त्यांना टाइमटेबल नाही.
दुसऱ्यात ॲम्ब्युलन्स.
हे घुगे ड्रायव्हरला चालणार नाही.
शिमग्याच्या सुमारास असंच काहीतरी कर्कश वाजलं
तर झोपेतच त्यानं उजवा पाय असा दाबला
की समोरच्या सीटचा पत्रा वाकला.
जागा झाला तो घामानं भिजलेला,
विचारू लागला, "लागलं का रे कुणाला?"

तिसरं यंत्र लाल, साबणाच्या वडीएवढं.
रेडिओ, कार्ड, दोन सेलवर आठवडा,
आणि वर एक बटण :
आपलाच आवाज भरा, त्याचाच गजर लावा.
साडेसहाशे म्हणाला, पावणेसहाशेला दिलं.

घरी शालनला म्हटलं, बोल काहीतरी.
ती लाजली. मग म्हणाली, "उठा",
जसं पाहुण्यांना "बसा" म्हणतात तसं.
असल्या उठाला कोण उठतंय?
तेवढ्यात गल्लीत एकच पळापळ झाली
आणि पिठाच्या हातानंच दारातून तिनं हाक दिली :
"नळ आला!"
दहाव्या दिवसाचा नळ.
बटणावर माझं बोट तसंच होतं.

सावळी. ग्रामपंचायतीच्या ओट्याला लागून गाडी.
रात्री जुनी गाणी लावली,
घुगे गाडीतच आडवा होऊन ऐकत राहिला.
"बारीक हाय आवाज," म्हणाला, "पण गोड हाय."
मग साडेचार.
काळोखात शालन ओरडली, "नळ आला!"
घुगे पाय न दाबता उठला, बादली चाचपत.
मी हसलो.
हसतोय तोवर बाहेर कड्या वाजल्या.
एक, मग तीन, मग सगळी आळी.
घागरी, प्लास्टिकचे हंडे, काखेत अर्धवट झोपलेली पोरं,
कोरड्या तोटीपुढं रांग लागली, अगदी शिस्तीत,
आणि पहिल्या बाईनं वाकून
तोटीला कान लावला.

उतरून सांगावं लागलं.
इतकी वर्षं गर्दीत ओरडून तिकिटं फाडली,
त्या पहाटे तोंडातून आवाज फुटेना.
एकजण म्हणाली, "असू द्या मास्तर, भाकरी लवकर व्हतील."
बाकीच्या मुकाट्यानं वळल्या.
त्यात सोपानकाकांची सून होती,
रिकामा हंडा वाजू नये म्हणून
पोटाशी धरून चाललेली.

पुन्हा नानलपेठ. "खराब निकला क्या?"
नाही म्हटलं, लईच चांगलं निघालं.
ते गाण्यांपुरतं ठेवलं
आणि वर एक चावीचं घड्याळ घेतलं, एकशे चाळीसचं,
उशीखाली ठेवलं की
फक्त माझ्याच कानात किरकिरणारं.
रोज रात्री चावी द्यायची, तेवढं एक काम वाढलं.

शालननं विचारलं, लागतो का हो माझा गजर?
म्हटलं, लागला होता.
पार शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेला.