तिकिटांच्या पाठीवर

विर्वे, ही घे पुस्तकं. मोजून घे, अकरा आहेत.
मिठाच्या राजांचे सात खंड, त्या अजस्र यानाचे चार.
अख्खा फेब्रुवारी त्यांनी खाल्ला.
समुद्र गोठला, हेल्टर्माच्या धक्क्याला बोट दोन दिवस अडकून राहिली;
निवृत्त माणसाला अडकायला बोटही लागत नाही.

मत विचारतेस?
राजांचं आधी सांगतो.
नमनालाच घडाभर तेल. शंभर पानं नुसती वंशावळ.
नकाशात नऊ नद्या, त्यातल्या दोन डोंगर चढतात.
एकतीस वर्षं मी या सामुद्रधुनीत इंजिनापाशी उभा होतो,
वर कप्तानाचा एक खडक चुकला
की खाली माझ्या पायाशी पाणी.
इथे अख्खा द्वीपसमूह तिसऱ्या खंडात
उत्तरेहून दक्षिणेला सरकतो
आणि कुणाच्या गावी नाही.
भविष्यवाणी खरी ठरते. ठरणारच!
पहिल्याच पानावर सांगून ठेवलीय.

ड्रॅगन बरा आहे.
म्हातारा. गुडघे धरलेले. उडण्याआधी
तीनदा खोकतो, थंडीतल्या डिझेलसारखा.
पाचव्या खंडात त्याला मारलं
तेव्हा पुस्तक पालथं टाकून मी लाकडं फोडायला गेलो.
गरजेपेक्षा जास्तच फोडली.

राणी मला आवडली नव्हती. फार बोलते.
मग सहाव्या खंडात सल्मेची चिठ्ठी सापडली,
तिचं ते बारीक, डावीकडे कललेलं अक्षर:
‘मिठाने हाताला भेगा पडतात, त्यात पुन्हा मीठ जातं,
हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. राणीला बोलू द्या.’
सल्मेने मासळीच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली.
मी ते प्रकरण परत वाचलं.
राणी अजूनही फार बोलते,
पण हातमोजे का काढत नाही ते कळलं.

आता यान.
चारशे वर्षांचा प्रवास, अकरा हजार माणसं,
तत्त्वज्ञ, कवी, तीन धर्म, एक बंड,
आणि इंजिनाला तेल कोण घालतं?
पहिला खंडभर मी हेच विचारत होतो.
विमानतळावर जन्मल्यासारखी माणसं ही,
यंत्र आपोआप फिरतं असं समजणारी.

दुसऱ्या खंडात, पान दोनशे चार,
ओबिन येतो. हातात ग्रीसचा डबा.
बेअरिंगला कान लावतो, म्हणतो,
‘ही आज रुसलीय.’
विर्वे, मी हसलो. एकटाच, स्वयंपाकघरात, मोठ्याने.
असं आम्ही खरंच म्हणायचो.

तिसऱ्या खंडात तो मरतो.
वाक्यात नाही, अर्ध्या वाक्यात,
दोन स्वल्पविरामांच्या मध्ये.
पुढे नव्वद पानं परिषद बसते,
स्वातंत्र्य म्हणजे काय, यावर.
दिवे चालू आहेत, हवा येते आहे,
आणि एकाच्याही मनात येत नाही की कशी.

म्हणून मी जरा आगाऊपणा केला.
जुन्या बोटीची तिकिटं होती खणात, पाठ कोरी.
त्यांवर लिहिलं, पेन्सिलीनेच:
त्या दिवशी ओबिन किती वाजता उठला,
काय खाल्लं (राईची भाकरी, मला दुसरं सुचेना),
कुठला नट त्याने उद्यावर ठेवला.
सात तिकिटं झाली.
पुस्तकातच आहेत, झटकून काढू नकोस.

चौथ्याबद्दल बोलत नाही. घाईत लिहिलाय.
पाचवा आपल्या भाषेत येणार नाही म्हणे,
प्रकाशकाने हात वर केले.
मग हेलसिंकीहून फिनिश मागव.
ती मी छपरावरच्या अँटेनाकडून शिकलो,
हवामान आणि आइस हॉकीपुरती,
पण यानात त्याहून वेगळं काय असणार?

आणि रांगेत पुढे कोण आहे? केर्डलाचा तो मुलगा?
सोळा वर्षांचा ना, भराभर पानं उलटणारा?
त्याला पुस्तक देताना सांग,
लढाई चारशेव्या पानावर आहे, पळून जात नाही.
तीनशे बारा जरा सावकाश वाच म्हणावं.