एकेरी

मे महिन्यातला रविवार, मिस्सा संपलेली.
चर्चच्या मागच्या खोलीत
पहिल्या कम्युनियनची अकरा मुलं आणि एक पंखा,
गरम हवा इकडून तिकडे सारणारा.
मी फळ्यावर लिहिलं: देव आपला पिता आहे.
तिसऱ्या बाकावरून सिल्वानुसनं हात वर केला.
“मिस, माझा बाप तं मारते.
मंग हा बी मारन काय?”

कोणी हसलं नाही.
खडू बोटांतल्या घामानं ओला झाला.
पुढच्या रविवारी सांगते, म्हटलं,
आणि प्रार्थना घेतली, नेहमीची,
ज्यात आपण त्याला सरळ
तू म्हणतो.

बाबांना मी कधी तू म्हटलं नाही.
लाझरस साळवे, फिटर, अजनी लोको शेड.
त्यांच्याशी बोलायचं ते आईच्या मार्फत:
बाबांना विचार ना, सहलीला सोडतील का.
जसं अजूनही मरियेच्या मार्फत मागते मी
जे थेट मागायला छाती होत नाही.

मारलं त्यांनीही. दोनदा.
कशासाठी ते गेलं विसरून,
पट्ट्याचं पितळी बक्कल तेवढं आठवतं.

एरवी ते म्हणजे आवाज.
पहाटे सायकल स्टँडवर चढल्याचा खट्,
मोरीत डिझेल काढत घासलेले हात,
आणि भिंतीपलीकडली झोप.

चौथीत मला गोवर निघाला, नवतपा लागलेला,
कॉलनीच्या नळाला चार दिवस पाणी चढत नव्हतं.
मी कूलरसमोर, पापण्या चिकटलेल्या.
खिडकीबाहेर रात्रभर
कोणीतरी बादलीनं टाकी भरत होतं.
खळ्ळ.
मग बराच वेळ काहीच नाही,
हापसा फाटकापलीकडे होता.
मग पुन्हा खळ्ळ,
आणि वाळ्याच्या ताटीतून
ओल्या गवताचा वास माझ्या कपाळापर्यंत.
मी त्यांना पाहिलं नाही.
एकदा फक्त खोकला ऐकला, दाबून काढलेला.
सकाळी ते ड्युटीवर गेलेले,
खिडकीखाली बादली उपडी.

पित्याबद्दल मला जे काही ठाऊक आहे
ते एवढंच, पाण्याच्या दोन आवाजांमधलं.
पण हे त्या पोराला कसं सांगू?
त्याची रात्र वेगळी असेल.

आणि प्रार्थनेतला तो दुसरा शब्द. आमच्या.
माझ्या म्हणायची सोयच ठेवलेली नाही.
बाबांच्या चाळीसाव्या दिवशी
मेकोसाबागच्या दोन खोल्यांवरून
अनास्तास उठून गेला, माझा भाऊ,
तेव्हापासून हा शब्द मी
खडा लागलेल्या घासासारखा गिळते.
आमच्या म्हटलं की तो येतो, चप्पल न काढता.
सिल्वानुसचा बापही येतो, तोंडाला वास मारत.
दार लावून घेते म्हटलं
तर बापही बाहेरच राहतो.

पुढच्या रविवारी मी तयारी करून गेले.
म्हटलं, देव तुझ्या बापासारखा नाही रे.
“मंग कोणासारखा?”
घड्याळात साडेनऊ, बाहेर ऊन पांढरं झालेलं.
माझ्या तोंडून निघून गेलं:
तुमच्या घरी कूलरमध्ये पाणी कोण भरतं?
“मीच भरतो न मिस.
धाकटीले रात्री लय गरम होते.”

तो सहज म्हणाला, आणि शेजारच्याचा खोडरबर उचलून
वहीतलं काहीतरी पुसायला लागला.
मी फळ्याकडे वळले.
लिहायचं काहीच नव्हतं.
मागे मुलं प्रार्थनेला उभी राहत होती,
बाक सरकत होते,
आणि मी, बेचाळिसाव्या वर्षी,
पहिल्यांदा ओठ न हलवता
तू म्हणून पाहिलं
बाबांना.