थोरली

खानापूरच्या जुन्या दवाखान्याची जन्मवही
मी आठवडाभर बसून कॉम्प्युटरात उतरवली.
तीन हातांची वही:
सिस्टर फिलोमिनाचे तिरके इंग्रजी आकडे,
भरमू कारकुनाचे ठसठशीत देवनागरी,
बसलिंगप्पा कंपाउंडरचे कानडी,
गोल, कडेला शेपूट निघालेले.
जसं होतं तसं ठेवलं.
तारीख म्हणजे मजकूरच की,
असं मीच ठरवलं, अर्ध्या चहात.

शनिवारी डोळ्यांचं शिबिर. वयानं मोठा तो आधी.
यादी छापली, खळीनं भिंतीला डकवली.
पुकारा झाला: यशोदा घाडी.
मागून कृष्णाबाई उठली,
"ही कशी गं माझ्या आधी?
हिला कडेवर घेऊन मी जांबोटीचा बाजार केलाय की!"

यशोदा ०२/०८/१९५१.
कृष्णाबाई ३०/०४/१९३९.
यंत्रानं पहिलं अक्षर पाहिलं,
शून्य आणि तीन,
आणि तिथंच निकाल दिला.
बारा वर्षं उभी होती उजवीकडे, पार टोकाला;
तिथवर ते गेलंच नाही.

हॉलमध्ये मात्र लोकांना दुसरंच दिसलं.
वर इंग्रजी आकड्यांची माणसं, मग मराठी, तळाला कानडी.
एकतीस सालचे रुद्रप्पा बडिगेर
सगळ्यांत शेवटी.
खुर्ची सरकल्याचा आवाज. "हे कुणी ठरवलं?"
पाटीवर कुठली ओळ वर
यावरून डोकी फुटलेला मुलूख हा,
आणि मी तर एकच खूण लिहिली होती,
चिमणीच्या चोचीएवढी:
हे त्याहून लहान.

कसं सांगू,
यंत्राच्या पोटात आकड्यांना घरनंबर असतात,
आपले एका गल्लीत, त्यांचे दुसऱ्या,
आणि कोण कुणाआधी जन्मलं
हे त्या गावात कुणालाच ठाऊक नाही.

रात्री सगळं उलटं केलं.
वर्ष आधी, मग महिना, दिवस शेवटी.
सगळं एकाच लिपीत.
कोणत्या, ते विचारू नका.
मध्येच दोन शून्यं शेजारी आली,
एक भरमूचं, एक बसलिंगप्पांचं.
पडद्याला नाक लावून बघितलं. काही फरक कळेना.
यंत्राला विचारलं, सारखीच ना?
नाही, म्हणालं.

रविवारी पहिले रुद्रप्पा.
डॉक्टरांनी तक्त्यावर काठी ठेवली.
"काय दिसतंय, अज्जा?"
बराच वेळ गेला.
"गोल हाय कायतरी," ते म्हणाले,
"सोन्नी असंल."