एकट्या माणसाचा दर

बेलापूरला, सेक्टर अकरात, तिसऱ्या मजल्यावर
मी आफ्रिका विकतो.
म्हणजे तिथल्या एका लॉजचे चौदा तंबू,
रात्रीच्या हिशेबानं, तिन्ही जेवणं धरून.
मी स्वतः गेलेलो नाही.
पण कुठल्या तंबूत गरम पाणी उशिरा येतं
ते मला ठाऊक आहे,
आणि नऊ नंबरच्या ओसरीवर
पाणघोड्यांचं घोरणं ऐकू येतं, हेही.

खांबेटेबाई दरवर्षी फोन करायच्या, सीवूड्सहून.
भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या.
मागून सरांचा आवाज :
"अगं, सामान किती किलो चालतं ते विचार."
पंधरा. मऊ पिशवीत. विमान छोटं असतं.
"कधी जावं हो?"
मी सांगायचो, ऑगस्ट. कळप नदी ओलांडतात,
मगरी वाट बघत असतात, गाड्याही.
ऑगस्टात गणपतीची तयारी.
मग फेब्रुवारी सांगितला : गवत आखूड,
पिल्लं जन्मतात आणि तासाभरात पळायला लागतात.
फेब्रुवारीत नातवाची परीक्षा.
ऑक्टोबरात सरांचा गुडघा.
एप्रिल मी कुणालाच सांगत नाही.
पाऊस लागतो, गाडी चिखलात रुतते,
अर्धी लॉजं कुलूप लावून बसतात.

मग दोन वर्षं फोन नाही.

यंदा जानेवारीत आला. मागून आवाज नव्हता.
"एकट्या माणसाला किती पडतं?"
मी दर सांगितला, आणि मग तेही सांगावं लागलं
जे एरवी खालच्या आवाजात भरभर उरकतो :
एकट्याला पन्नास टक्के जास्त.
तंबू दोघांचा असतो ना. पलंगही.
"म्हणजे नसलेल्या माणसाचे अर्धे,"
त्या म्हणाल्या.
रागानं नाही. वहीतलं गणित तपासावं तसं.
खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं,
ती तेच तेच सूर वाजवत होती.
मी म्हटलं, बाई, एप्रिल.
एप्रिलात तो जादा आकार माफ असतो.
कुणी येतच नाही, म्हणून.

त्या गेल्या.
मी इथे रोज तिथलं हवामान बघत बसलो,
स्क्रीनवर ढग, ढगाखाली तिरप्या रेघा.
संध्याकाळी करावे गावात, घरी,
वडील बांधावर बसून फ्लेमिंगो मोजायचे.
मोजायचे कसले, "आज कमी हायेत" एवढंच.
बाहेरचं कुणी विचारतं, कधी यावं बघायला,
त्याला ते महिना सांगत नाहीत.
"भरतीचा टाइम बघून या," म्हणतात.

मेच्या पहिल्या आठवड्यात बाई ऑफिसात आल्या,
हातात चहाची पुडी, बुटांना अजून तांबडी माती.
"सिंह दिसला?"
"असेल दिसला. चष्मा पुसण्यातच वेळ गेला."
गाडी दोनदा रुतली. दुसऱ्यांदा त्यांनीही ढकलली.
"तीस वर्षं फळ्यावर सव्हाना काढली मी,
पिवळ्या खडूनं.
हिरवी असते हो."
एवढं बोलून बराच वेळ पंख्याकडे बघत राहिल्या.

"अंधार पडला की तिथे कुणालाच एकटं चालू देत नाहीत.
जेवून निघालं की भाला घेतलेला माणूस तंबूपर्यंत येतो."
मला ठाऊक होतं. पत्रकात चौथ्या पानावर आहे.
"आणि रात्री पांघरुणात गरम पाण्याची पिशवी."
तेही होतं.
"तो पोरगा दोन ठेवायचा. दोन्ही बाजूंना.
पहिल्या दिवशी सांगणार होते, एक पुरे.
मग नाही सांगितलं."

पाणी प्यायल्या, उठल्या.
जिन्यापाशी जाऊन परत वळल्या :
"सामान अकराच किलो भरलं, बरं का."