आडाचं वळण

नगरपालिकेच्या कपाटातला नकाशा
कसरीनं खाल्ला तो नेमका शनिवार पेठेपाशी.
म्हणून साहेबांनी मला धाडलं
सोपाना वायदंडेबरोबर, भर मे महिन्यात,
जुनं गटार कुठून जातं ते कागदावर उतरवून आणायला.

तो पुढं. हातात पहार.
उतारावर दर चार पावलांनी
डांबरावर आपटायचा, मान कलती करायचा,
कलिंगड पारखणाऱ्या गिऱ्हाइकासारखा.
"हितं मोकळं हाय. हितं निम्मं भरलंय.
हितं कुणीतरी पोतं टाकलंय बगा."
मी टेप धरायचो, आकडा लिहायचो.

राणीच्या राज्यातलं बांधकाम.
चुन्यातल्या विटा, आकार अंड्याचा, टोक खाली,
चूळभर पाणी असलं तरी वाहतं राहावं म्हणून.
'आत माणूस उतरवू नये' असं गाडीवर लिहिलेलं.
गाडी बोळात शिरत नव्हती.
झाकण काढलं, आधी झुरळं वर आली,
मग वास,
मग बऱ्याच वेळानं सोपानाचा आवाज:
"चुना अजून नखानं निघत न्हाय!"

पुढं एका घरामागं रेघ अचानक डावीकडं गेली,
सरळ उतार सोडून
अर्धा वळसा घेऊन परत जाग्यावर आली.
मला वाटलं, चुकला. टेप दोनदा लावली.

"चूक न्हाय. हितं आड व्हता.
पाण्याला इटाळ नको म्हणून वळवलं.
माझ्या पणज्यानं खणलंय."
पहार त्यानं या हातातनं त्या हातात घेतली.
"त्या आडाचं पाणी कसं लागायचं,
त्ये काय त्याला ठावं न्हवतं."

आड कधीच बुजला.
वर फरशी, फरशीवर तीन स्कूटर,
तेलाच्या डब्यात एक तुळस.
वळण तेवढं राहिलं.
गाळ दरसाल तिथंच धरतो,
आणि मृगाच्या आधी सोपाना तिथंच वाकतो,
घमेल्यामागून घमेलं वर देत,
नसलेल्या आडाला न शिवता.

ऑफिसात पट्टी बाजूला ठेवून
तेवढी रेघ मी नुसत्या हातानं काढली.
साहेब म्हणाले, "हे वाकडं का?
मोजायला चुकला असशील. सरळ कर."

मी खिडकीतून खाली बघितलं.
अंगणातल्या नळावर सोपाना
कोपरापर्यंत हात धूत होता,
तिसऱ्यांदा.