चावलेला फ्रीडरिश

कॉव्हेंट्रीत, फोल्सहिल रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात
माझी रात्रपाळी. सात नंबरात वाल्ट्राउट टिली,
वय ब्याण्णव, साखर जास्त, ऐकू कमी,
आणि पलंगावर, भिंतीला, हातभर लांब एक चित्र:
ड्रेस्डेनचे पस्तीस धनी, घोड्यांवर,
एकामागे एक, चिनी मातीच्या फरशांवर.

मी इन्सुलिन भरेपर्यंत ती वंशावळ म्हणते,
भाट म्हणायचे तशी, पण खवचटपणे.
"हा ओटो, श्रीमंत. डोंगरात चांदी निघाली,
मग अक्कल कुणाला हवी?
हा दाढीवाला. हा लढाऊ, हा त्याचा मऊ मुलगा.
हा आल्ब्रेख्त. याचं नावच पडलं 'बिघडलेला'.
बायकोच्या जिवावर उठला;
ती रात्रीची गड उतरून पळाली.
आणि हा फ्रीडरिश, चावलेला."

काय चावलं, कुत्रं?

"आई. निघताना, गालाला.
वळ जन्मभर गेला नाही म्हणतात."

मी सुईला टोपण लावलं.

शहर जळालं तेव्हा ती दहा वर्षांची.
सकाळी सगळं काळं, आणि ही भिंत तेवढी लखलखीत.
भट्टीतून निघालेल्यांना आग काय करणार, म्हणते.
मग टिलीशी लग्न, मग हे गाव,
तेही जळालेलं, तिच्याच लोकांनी जाळलेलं.
कुठली तू, विचारलं की सांगायची, लाइपझिगकडची.
टिली रविवारी प्रार्थनेला आत जायचा;
ती बाहेर, बिनछपराच्या जुन्या चर्चमध्ये,
दगडाला पाठ लावून उभी. पावसातसुद्धा.

"शेपटाकडे बघ," ती नखाने काच वाजवते.
राजे संपल्यावर पायी चालणारे येतात:
खाणकामगार, सुतार, चित्रकार,
आणि कडेला एक लहान मुलगी.
"अख्ख्या भिंतीत बाईमाणूस एवढंच.
हिला नाव नाही.
घोड्यांची लीद कुणी काढली, ते हिला विचार."

सहाला पाळी सुटते.
चिपळूणला तेव्हा साडेअकरा, निषाद
जावेच्या ओट्यावर बसून केळं खातो.
मी निघाले त्या पहाटे तो झोपलेला होता.
उठेल म्हणून
मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

बसथांब्यावर फोन लावून म्हणते, गाल दाखव रे.
त्याला वाटतं, दाढ दुखते का ते बघतेय.
तो केळ्यासकट
मोठ्ठा आ करतो.